बोया क्रमांक अकरा

वाघडोह जलाशयावर आता एकही डास उरलेला नाही, हे प्रकल्पाधिकारी कुऱ्हेकर मॅडम पडद्यावरचा आलेख दाखवून सांगत होत्या, आणि नेमका त्याच वेळी गुलाब बोरकुट्यांच्या डाव्या कानावर एक डास येऊन बसला.

बोरकुट्यांनी तो मारला नाही. पडद्यासाठी सभागृहात अंधार केलेला होता. त्या अंधारात त्यांनी खिशातली काचेची नळी काढली, कानावर अलगद टेकवली आणि डास आत शिरताच तोंडावर बोट ठेवलं. तीस वर्षांची सवय. कीटक समाहारकाने डास मारायचा नसतो, पकडायचा असतो.

"बोरकुटे, काही शंका?" मॅडमनी विचारलं.

"शंका नाही मॅडम. डास आहे."

हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, गाडीतून आला असेल तुमच्याबरोबर. बोरकुट्यांनी नळी पडद्याच्या उजेडात धरली. डोकं खाली, बूड वर, काचेवर तिरकी बसलेली. अ‍ॅनोफिलीस, मादी. हिवताप वाहते ती हीच. बाकीचे डास निदान बसताना तरी सरळ बसतात.

सभेच्या इतिवृत्तात नंतर एवढंच आलं, की एका सदस्याने वैयक्तिक निरीक्षण मांडले व ते हसतखेळत निकाली काढण्यात आले.

कीटक समाहारक या पदनामावरून हा माणूस फुलपाखरं जमवत असेल असं वाटतं. लग्नाच्या वेळी बोरकुट्यांच्या सासऱ्यांनाही तसंच वाटलं होतं. प्रत्यक्षात हिवताप विभागातलं हे सगळ्यात कमी मिरवायचं काम. सकाळी गोठ्याच्या भिंतीवर बसलेले डास नळीत धरायचे, मग लांब दांड्याची पांढरी पळी, जिला विभागात डिपर म्हणतात, ती डबक्यात बुडवून अळ्या मोजायच्या, आणि आकडे वर पाठवायचे. वर ते कोण वाचतं हे बोरकुट्यांना तीस वर्षांत कळलं नव्हतं. आता कळायची गरजही उरली नव्हती. 'जलताल' आली होती.

जलताल ही प्रणाली वाईट होती असं मात्र कुणी म्हणू नये. बोरकुट्यांचं दुखणं हेच होतं, की ती चांगली होती.

वाघडोहला उदंचन प्रकल्प झाला तेव्हाची गोष्ट. डोंगरावर एक जलाशय, पायथ्याशी वाघडोहचा मोठा. दिवसा उन्हाच्या विजेवर पंप खालचं पाणी वर चढवायचे, संध्याकाळी लोकांनी दिवे लावले की तेच पाणी जनित्रांतून खाली यायचं. म्हणजे ज्या धरणाची पातळी पूर्वी फक्त पाऊस आणि कालवा ठरवायचा, ती आता बटणावर वरखाली करता येऊ लागली. तेव्हा कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं, की करायचीच आहे वरखाली, तर डासांच्या बेताने करू.

डासाचं गणित सोपं असतं. धरणाच्या खोल पाण्यात डास अंडी घालत नाही. तिथे लाटा असतात आणि मासे असतात. त्याला लागतो काठ. वीतभर खोल, गवताळ, उन्हाने कोमट झालेलं निवांत पाणी. उन्हाळ्यात अशा पाण्यात अंड्यापासून उडत्या डासापर्यंत पोचायला आठ-नऊ दिवस पुरतात. पण सातव्या दिवशी पाणी एकदम चार फूट खाली खेचलं, तर अख्खं बाळंतघर कोरड्यावर राहतं. अळ्या चिखलात वाळतात, उरलेल्या पाण्याबरोबर माशांच्या तोंडी जातात. दोन दिवसांनी पाणी पुन्हा रेषेला लावायचं, डासांना पुन्हा अंडी घालू द्यायची, आणि पुन्हा सातव्या दिवशी खेचायचं. हा ताल चुकू नये म्हणून काठाकाठाने बारा पिवळे बोये तरंगत ठेवले होते. प्रत्येक बोया तासातासाला घोटभर पाणी आत घ्यायचा, त्यातल्या अळ्यांच्या खुणा तपासायचा आणि आकडा कळवायचा. डोळे त्याचे भिंगाचे, हात-पाय दुखत नाहीत, प्रवासभत्ता मागत नाही.

पहिल्याच वर्षी तालुक्यातले हिवतापाचे रुग्ण दोनशेवरून चारवर आले. दुसऱ्या वर्षी जलाशयाकाठच्या गावांच्या वेशीवर 'हिवतापमुक्त गाव' अशा कमानी लागल्या. तिसऱ्या वर्षी बोरकुट्यांचं पद अतिरिक्त ठरवायचा प्रस्ताव निघाला. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. आणि आता कानावर हा डास.

डास उडून उडून जातो किती? दीड-दोन किलोमीटर. सभा होती धरणावरच्या विश्रामगृहात. दीड-दोन किलोमीटरच्या आत एकच वस्ती होती, पिपरटोला. पिपरटोल्यात बोरकुट्यांची एकुलती एक मुलगी दिली होती, आणि तिला सहावा महिना होता.

*

"या इवाई, या! मच्छर पकडाले आले का पोरीले भेटाले?"

डोमाजी नान्हे म्हणजे बोरकुट्यांचे व्याही. झाडीपट्टीत व्याह्याला इवाई म्हणतात. उंच, काटक, धरणात जमीन गेलेला माणूस. अंगणातल्या बाजेवर बसून ते कसलीशी दोरी वळत होते.

"दोन्ही जमलं तर पाहू जी."

"मच्छर नाही भेटत आता. येताना कमान नाही वाचली का? पोरगी भेटते. प्राची! तुझे बाबा आले पाय."

प्राची आली. चेहरा जरा उतरलेला, पण डोळ्यांत तीच खोडी. "बाबा, नळी आणली का? मग बसा. इथं नळीवाल्यांना चहा मिळतो." तिचा नवरा तुषार नागपूरला बॅटऱ्यांच्या कारखान्यात होता, पंधरवड्याला यायचा.

बोरकुट्यांनी चहा घेतला. त्यांच्या आजोबांच्या काळी मुलीचा बाप मुलीच्या घरचं पाणीही पीत नसे. आता चहा चालतो. उपदेश मात्र अजून चालत नाही. इवायाच्या घरी जाऊन मुलीच्या बापाने 'हे असं करू नका' म्हणणं म्हणजे मुलीला पुढची दहा वर्षं टोमणे ऐकायला लावणं. हा नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच तो बदलायलाही कुणाची समिती नेमता येत नाही.

"इवाई, तुमची टरबुजं पाहू म्हणतो," बोरकुटे म्हणाले.

डोमाजी खूश झाले. टरबुजाची वाडी म्हणजे गाळपेर. पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीवर धरणग्रस्तांनी पीक काढायचं, ही फार जुनी सोय. उदंचन आलं तेव्हा गाळपेरीचे पट्टे कागदावर रद्द झाले. जमिनीवर कुणी रद्द केले नाहीत. लोक पेरत राहिले, साहेब लोक टरबूज खात राहिले.

वाडी सुरेख होती. वेलांच्या कडेला, पाण्याच्या रेषेला लागून, खोलीएवढा एक खड्डा होता. ताडपत्री घातलेला, भोवती मातीचा बांध. तलावापासून खड्ड्यापर्यंत एक नाली.

"पाहा डोकं," डोमाजी म्हणाले. "पाणी चढलं का नालीतून खड्डा भरते. पाणी उतरलं का खड्डा भरलेलाच राहते. पंप नाही, डिझेल नाही. तुमचं ते जलताल आमच्यासाठीच बनवलं, बाप्पा. टोल्यात अकरा खड्डे आहेत असे. पयला माझा."

नालीच्या तोंडाला निळी जाळी ताणून बांधली होती. बोरकुटे वाकले. जाळीच्या कोपऱ्यावर पुसट शाईत लिहिलं होतं: पि.टो. ४३. अक्षर त्यांचंच होतं.

"ही मच्छरदाणी आहे, इवाई."

"तुम्हीच तर देल्ली."

"इथं कशाला?"

"मासोळ्या आत येऊ नये म्हणून जी. मागल्या साली तीन रोहू आले खड्ड्यात. मच्छीमार सोसायटीवाले आले, म्हणे तलावातली मासोळी आमची. खड्ड्यात उतरले, वेल तुडवले, माझ्या भाच्याचं डोस्कं फुटलं. अजून तारखा चालू आहेत. मंग मच्छर तर राहिले नाही, मच्छरदाणी कायले सडवा? लावली. एक पोर आत येत नाही मासोळीचं. लय भारी माल आहे. सरकारचं इतकं चांगलं सामान मी जन्मात नाही पाहिलं."

बोरकुट्यांनी पाठपिशवीतून डिपर काढला. पहिल्या पळीत चौदा. दुसरीत एकवीस. अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडलेल्या, सुतळीचे तुकडे टाकल्यासारख्या. घाणीतल्या डासाची अळी उलटी लटकते. ही अशी आडवी पहुडते ती अ‍ॅनोफिलीस. कोमट, स्वच्छ, उन्हातलं पाणी. लाट नाही, मासा नाही. सातव्या दिवशी पाणी उतरलं तरी इथलं उतरणार नाही. डासांचं असं बाळंतघर विभागाने ठरवून बांधलं असतं तरी इतकं नेटकं झालं नसतं. आणि दारावर पहारा मच्छरदाणीचा.

"का आहे जी?"

"अळ्या. डासाच्या."

"काहीतरीच! डब्बा तर शून्य सांगून राहिला." डोमाजींनी लांब तरंगणाऱ्या पिवळ्या बोयाकडे बोट केलं.

"डब्बा तलावात आहे, इवाई. अळ्या खड्ड्यात आहेत."

"खड्डा तलावातच तर आहे."

 सरकारचंही म्हणणं नेमकं हेच होतं.

बोरकुट्यांनी सगळं बळ गोळा करून, शक्य तितक्या हळू आवाजात विचारलं, "जाळी काढता का जी? चार मासे आत आले तर..."

डोमाजींचा चेहरा बदलला नाही. फक्त वेल सारखे करता करता त्यांचा हात थांबला. घरी परतल्यावर विहीणबाईंनी, गिरजाबाईंनी, भाजी निवडता निवडता भिंतीला सांगितलं, "आमाले आता पोरीकडचे लोक शेती शिकवून राहिले."

प्राचीने बापाकडे पाहिलं. बापाने डिपर पिशवीत घातला.

*

गप्पी मासे सोडले असते तर प्रश्न मिटला असता. करंगळीच्या पेरापेक्षा लहान मासा, खाण्यात सगळा जोर अळ्यांवर. बोरकुटे सोसायटीचे अध्यक्ष नथ्थू वलथऱ्यांकडे गेले.

"गप्पी म्हणजे मासोळीच ना?"

"मासोळीच. पण खायची नाही."

"खायची नाही त्याले तलावात कायले सोडता? ठेक्यात लिहून आहे, मासोळीचं बाहेरचं बी सोडाचं नाही. ठराव लागते. आमसभा दिवाळीनंतर."

"तलावात नाही सोडत, खड्ड्यात सोडतो."

"खड्डा कुठी आहे?"

बोरकुटे उठले.

कुऱ्हेकर मॅडम निदान खुर्ची देऊन बोलल्या. पुण्याच्या, तिशीतल्या, हुशार. त्यांच्या टेबलावर नळी ठेवलेली त्यांना आवडली नाही, पण त्यांनी ती फेकलीही नाही.

"काका, मला पटतंय तुमचं. पण हा नकाशा बघा. पिपरटोल्याची ती पट्टी नोंदीत जलक्षेत्र आहे. जलक्षेत्रात खड्डा कसा असेल?"

"जाऊन पाहा ना मॅडम."

"मी पाहिलं तर अतिक्रमण पाहिलं असं होईल. मग मला ते हटवावं लागेल. अकरा कुटुंबं."

"तर मग एक दिवस पाणी रेषेपेक्षा दोन फूट जास्त चढवा. बांध बुडतील, जाळ्या बुडतील, मासे आत शिरतील. एका दिवसात फस्त."

"मी नाही चढवू शकत. प्रणाली ठरवते. ती फक्त बोयांचं ऐकते. खरं सांगू? ती माझंही ऐकत नाही."

"मग बोया खड्ड्यात ठेवा."

मॅडम दमलेलं हसल्या. "बोया हलवायला मुंबईची परवानगी लागते. बोया हलला तर आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा?"

*

आठ दिवसांनी दुपारी प्राचीचा फोन आला. "बाबा, मला थंडी वाजतेय. बाहेर बेचाळीस डिग्री आहे आणि मी दोन गोधड्या घेऊन बसलेय. गंमत आहे ना?"

बोरकुटे पोचले तेव्हा थंडी गेली होती, ताप चढला होता. गिरजाबाई कपाळावर घड्या ठेवत होत्या. "दृष्ट लागली," त्या म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. डोमाजी दाराच्या चौकटीत उभे होते.

तीस वर्षांत बोरकुट्यांनी हजारो बोटं टोचली होती. हे बोट त्यांनी टोचण्याआधी तीनदा पुसलं. रक्ताचा थेंब पट्टीवर, वर द्रावाचे थेंब, मग पंधरा मिनिटं थांबायचं. एक रेष आली तर पट्टी चांगली आहे. दुसरी आली तर रक्त चांगलं नाही.

"बाबा, दोन रेषा म्हणजे आनंदाची बातमी असते ना?" प्राची म्हणाली. "मागच्या वेळी होती."

दुसरी रेष आली. गडद. फाल्सिपेरम.

हे नाव कोणत्या अर्थाने वाईट आहे हे खोलीत एकट्या बोरकुट्यांना माहीत होतं. हा परजीवी गरोदर बाईच्या वारेत जाऊन ठाण मांडतो. बाळापर्यंत जाणारं अन्न तिथेच अडतं. आई औषधांनी सावरते. पोटातलं बाळ कधी वजनाला कमी राहतं, कधी राहतच नाही.

"रुग्णालयात नेतो," ते म्हणाले. "आणि तिथून बरी झाली की माझ्या घरी."

"सातव्यात ओटी भरूनच पोर माहेरी जाते," गिरजाबाई पुटपुटल्या. "बिना ओटीची..."

"ओटी नंतर भरू," डोमाजी म्हणाले. त्यांची नजर पट्टीवरच्या दुसऱ्या रेषेवर होती. "घेऊन जा जी."

प्राची पाच दिवसांनी माहेरी आली. ताप उतरला होता. डॉक्टर म्हणाले, बाळाची वाढ पाहत राहू. तोवर पिपरटोल्यात आणखी तीन तापकरी निघाले होते, त्यात एक चार वर्षांची मुलगी. बोरकुट्यांनी आकडे वर पाठवले. वरून उत्तर आलं: सदर गाव हिवतापमुक्त असल्याने रुग्ण बाहेरून संसर्ग घेऊन आल्याची नोंद करावी.

आपली मुलगी वाचली, आता आपण गप्प बसावं, हा विचार बोरकुट्यांच्या मनात आला नाही असं नाही. तो एक पूर्ण सकाळ मनात राहिला, दोन कप चहा प्याला आणि मग त्या पत्रातला 'सदर' हा शब्द वाचून उठून गेला.

*

उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता झाडीपट्टीत कुत्रंही रस्ता ओलांडत नाही. बोरकुट्यांनी गाडी काठाला लावली, विजार गुडघ्यावर दुमडली आणि बोया क्रमांक अकराच्या नांगराचा आकडा सोडला. बोया बावीस किलोचा होता. त्यावर तसं छापलेलंच होतं, आणि खाली, शासकीय मालमत्ता, हात लावू नये. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात बोरकुट्यांनी शासकीय मालमत्तेला तिच्या इच्छेविरुद्ध हात लावायची ही पहिलीच वेळ. त्यांनी गाडीच्या डिक्कीतली हिरवी नायलॉनची दोरी बोयाला बांधली, तो काठापर्यंत ओढला, चढावर फरफटत नेला आणि इवायाच्या खड्ड्यात सोडला. तो पाण्यात पडताच हिरवा दिवा दोनदा लुकलुकला, जणू दचकून.

बेत साधा होता. बोयाला अळ्या दिसतील. प्रणाली हादरेल. कुऱ्हेकर मॅडमना पाहायला यावं लागेल, किंवा प्रणालीच पाणी चढवील.

प्रणाली हादरली. पण तिने पाणी चढवलं नाही. तिला एकच औषध शिकवलेलं होतं. अळ्या दिसल्या, पाणी उतरवा. तिने चार फूट उतरवलं. तासाभराने बोया अकराने पुन्हा कळवलं, अळ्या तेवढ्याच. तिने आणखी दोन फूट उतरवलं. अळ्या तेवढ्याच. बोया जागेवरून सहाशे हात सरकल्याचं तिच्या लक्षात आलं होतं. तिने 'वाऱ्याने विस्थापन' अशी नोंद केली. नवी जागा नकाशात जलक्षेत्रातच होती, तेव्हा तिची हरकत नव्हती. चौथ्या दिवशी वाघडोह बारा फूट खाली होता आणि डोंगरावरचा जलाशय काठोकाठ भरून फुगला होता.

"काका," कुऱ्हेकर मॅडमचा फोन आला, "अकरा नंबर वेडा झालाय. मुंबई म्हणते, वाचन खरं आहे, प्रणालीवर विश्वास ठेवा. संध्याकाळी पाणी खाली सोडायचंय आणि ती सोडू देत नाही. वीज कंपनी माझ्या नावाने बोंब मारतेय. तुम्हाला काही माहितीय का?"

"वारा लय सुटला होता मॅडम," बोरकुटे म्हणाले.

 "वाऱ्याला सांगा," मॅडम म्हणाल्या, "मला आठवडाभर निभावता येईल. जास्त नाही."

बोरकुटे पिपरटोल्यात गेले ते काळजावर दगड ठेवून. तिथे भलतंच दृश्य होतं. खड्ड्यात तरंगणाऱ्या बोयाला हळदकुंकू लावलेलं होतं, काठावर उदबत्ती जळत होती आणि डोमाजी चार-पाच जणांना सांगत होते, "सरकारी डब्बा आपल्या पायानं माझ्या खड्ड्यात आला. म्हणजे का झालं? सरकारनं गाळपेर मान्य केली! याले कोणी हात लावला तर याद राखा. पट्टे परत भेटते आता."

बोरकुट्यांना हसू आलं नाही. खड्ड्याचं पाणी निम्म्यावर आलं होतं. तलाव चढत नव्हता, तेव्हा नाली कोरडी होती. ऊन वरून पीत होतं आणि डोमाजी बादल्यांनी वेलांना घालत होते. अकराही खड्ड्यांचं तेच. दोन-तीन दिवसांत सगळे तळाला लागतील. अळ्या जातील. टरबुजंही जातील. फळं मुठीएवढी होती, आणि आणखी दोन पाणी मिळाली असती तर भरली असती.

"इवाई," बाकीचे पांगल्यावर डोमाजी म्हणाले, "तुमच्या मॅडमले सांगून पाहा ना. एक फूट चढवा म्हणा. एकच फूट."

बोया वीस पावलांवर होता. तो उचलून तलावात फेकला की संध्याकाळपर्यंत पाणी चढलं असतं.

"सांगतो," बोरकुटे म्हणाले, आणि खाली मान घालून गाडीला किल्ली लावली. तीस वर्षांच्या नोकरीत खोटा आकडा एकदाही न लिहिलेल्या माणसाने त्या आठवड्यात दुसरं खोटं बोलून टाकलं होतं.

सातव्या दिवशी खड्डा क्रमांक एकच्या ताडपत्रीवर फक्त चिखल उरला. बोया अकराने कळवलं: अळी घनता शून्य. प्रणालीने समाधानाने पाणी सोडलं. पण तोवर वेल दोरीसारखे वाळले होते, ताडपत्र्या उन्हाने तडकल्या होत्या, आणि पिपरटोल्यातल्या कुणालाच पुन्हा खड्डा भरायची हौस राहिली नव्हती. पुढच्या तीन आठवड्यांत गावात एकही नवा तापकरी निघाला नाही. बोरकुट्यांनी घरोघर जाऊन मोजलं.

*

सन्मानपत्र जलतालला मिळालं. जलक्षेत्रातील छुपा उद्रेक मानवी हस्तक्षेपाविना ओळखून निर्मूलन केल्याबद्दल. कुऱ्हेकर मॅडमनी ते स्वीकारताना भाषण केलं नाही, फक्त श्रोत्यांत मागे बसलेल्या बोरकुट्यांकडे एकदा पाहिलं. कीटक समाहारक हे पद अतिरिक्त ठरलं. बोरकुट्यांना उरलेल्या दोन वर्षांसाठी बोया देखभाल सहायक नेमण्यात आलं. कर्तव्यसूचीत पहिलं वाक्य होतं: बोये आपल्या जागेवरून हलवले जाणार नाहीत याची दक्षता घेणे.

प्राचीला मुलगी झाली. दिवस भरले होते, तरी वजन दोन किलो शंभर. डॉक्टरांनी पंधरा दिवस कापसात ठेवल्यासारखी ठेवायला सांगितली. ती रडायची तेव्हा आवाज मांजरीच्या पिलासारखा यायचा आणि बोरकुटे दर वेळी दचकून उठायचे. पिपरटोल्याहून गिरजाबाई दोनदा येऊन गेल्या. डोमाजी आले नाहीत. टरबुजं गेल्यापासून ते फोनवरही आले नव्हते.

ते आले विसाव्या दिवशी सकाळी. पायातल्या वहाणा दाराशी काढल्या, नातीकडे लांबूनच पाहिलं, बोट लावलं नाही. मग पिशवीतून हिरव्या नायलॉनच्या दोरीचं एक भेंडोळं काढून बोरकुट्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"तुमची आहे. डब्ब्याले राहिली होती."

बोरकुट्यांनी दोरी हातात घेतली. "इवाई, मी..."

"बावीस किलोचा डब्बा वाऱ्यानं चढावर येते का जी? मी अडाणी आहो, पण वारा मले समजते. पयल्याच दिवशी पाहिली दोरी. मीच सोडून ठेवली, कोणाले दिसू नये म्हणून."

"मग डब्बा काढला का नाही? हळदकुंकू कशाला?"

"हळदकुंकू नसतं लावलं तर पोट्ट्यांनी दुसऱ्याच दिवशी फेकला असता ना तलावात. पाणी पायजे होतं सगळ्याले." डोमाजींनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं. "सूनबाईच्या पट्टीवरची दुसरी रेघ मी पाहिली होती. पण लोकाईले कसं सांगू, का माझ्याच खड्ड्यानं माझ्या घरात ताप आणला म्हणून? आणि तुम्हाले कसं सांगू? तुम्ही त् पोरीकडचे."

"आणि ते 'एक फूट चढवा' म्हणाला होतात?"

"ते मन पाहून राहिलो होतो तुमचं. चढवते का म्हणून. चढवलं असतं ना, त् मीच उपसला असता खड्डा रात्रीतून. पण बरं झालं, नाही चढवलं. टरबुजाच्या मोहाचा काय भरवसा."

आतून मांजरीच्या पिलासारखा आवाज आला. दोघांनी तिकडे पाहिलं. प्राची पोरीला खांद्यावर घेऊन दारात आली होती, आणि तिने सगळं ऐकलं होतं हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"एक काम होतं जी," डोमाजी खाकरून म्हणाले. "विभागात मच्छरदाणी उरली असंल तर एक द्या."

विभागात काही उरलं नव्हतं. बोरकुट्यांचं तिथलं पदच उरलं नव्हतं. बोरकुट्यांनी कपाटावरची जुनी ट्रंक खाली काढली. तळाशी एक निळी मच्छरदाणी होती, घडी न मोडलेली. त्यांनी सवयीने खिशातलं पेन काढलं, कोपऱ्यावर पि.टो. लिहिलं, आणि थांबले.

"इवाई," त्यांनी विचारलं. मुलीचा बाप असूनही, जरा मोठ्याने. "लावणार कशाला?"

डोमाजींनी नातीकडे पाहिलं.

"पाळण्याले," ते म्हणाले. "लिहून घ्या."